आधी कोणी निघायचं?

प्रिय तोमिए ताई,

नाराहून मिसाओचा नमस्कार. इकडे प्लमच्या झाडांना फुलं आली, तुझ्याकडे अजून बर्फच असेल. छपरावरचा बर्फ काढायला कोणी मिळालं का? तू शिडीवर चढू नकोस.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. परदेशी पाहुण्यांना देवळं दाखवायला अजून जाते. पैसे कोणी देत नाही, पण पुस्तकं वाचून शिकलेलं इंग्रजी निदान बोललं जातं.

काल हॉलंडचे एक उंच आजोबा आले होते. निरोप घेताना मी वाकले, तेही वाकले. जपानात समोरचा दिसेनासा होईपर्यंत वाकत राहायचं असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते जागचे हलेनात, मग मी तरी कशी निघणार? मी पुन्हा वाकले की ते पुन्हा वाकायचे.

शेवटी म्हटलं, "आजोबा, पाहुणे तुम्ही. आधी तुम्ही निघा."

"छे हो बाई, आधी तुम्ही! मला आता सरळ व्हायलाच वेळ लागेल."

तेवढ्यात आमची दोघांचीही बस निघून गेली. आमचे हे गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते, ताई.

घरी येऊन देव्हाऱ्यातल्या यांच्या फोटोपुढे बसले आणि सगळं सांगितलं. पण फोटोत ते आधीपासूनच हसताहेत. त्यामुळे गोष्ट आवडली की नाही, ते कळेना.

म्हणून तुला लिहिलं. हसू आलं तर तेवढं कळव.

तुझी धाकटी,
मिसाओ