डेल्फिनोची चाळीस डॉलरची नळी

३ एप्रिल, बुधवार

पिकअप आज पुन्हा खिंडीत अडकला. बंद नाही पडला — दम लागला. मी पहिल्या गिअरमध्ये, पाय तळाला टेकलेला, वाचनालयाची पुस्तकं शेजारच्या सीटवर, आणि मागे मेंढ्यांनी भरलेला ट्रक भोंगा वाजवतोय. शेवटी तो बाजूनं पुढे निघून गेला. एका मेंढीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कीव नव्हती त्यात. मजा बघत होती!

अर्ध्या चढावरून मागे फिरले. पुस्तकं तशीच परत घरी.

संध्याकाळी हे सगळं योलांडाला फोनवर सांगितलं. पोटच्या पोरीला सगळं सांगू नये, हे सदुसष्टाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

४ एप्रिल

तिचाच फोन. सकाळी सात वाजता!

"आई, मी ईस्टरला येतेय. शनिवारी दुपारी पोचते. माझ्यासमोर तो पिकअप न थांबता खिंड चढला तर ठीक. नाहीतर तो विकायचा आणि तू माझ्याबरोबर अल्बुकर्कीला यायचं."

"आणि चढला तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. पण आई, अगं आमच्या इमारतीला लिफ्ट आहे."

मला वर जायची एवढी घाई नाही, असं म्हटलं. ती हसली नाही. तिच्या बापाला हसू आलं असतं.

इथून शहर एकतीस मैल. मध्ये खिंड. बस नाही. पिकअप गेला की हे घर म्हणजे नुसतं वाट बघत बसायची जागा. वीस तारखेपर्यंत सोळा दिवस आहेत.

६ एप्रिल, शनिवार

शेजारच्या पोल्डोला बोलावलं. तो योलांडाचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणून मला 'कोमाद्रे' म्हणतो आणि मान देऊन बोलतो — अपमान करतानासुद्धा. तांब्याच्या खाणीत तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या त्यानं. आता डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी फक्त चर्चपर्यंत चालवतो, तीही आठवणीनं.

यंदा लेंटच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपर्यंत, त्यानं शिव्या देणं सोडलंय. फादरसमोर शब्द देऊन बसलाय. शिवीशिवाय मेकॅनिक म्हणजे मिठाशिवाय राजमा. पण बोल्टला काहीतरी म्हणावंच लागतं, म्हणून भाज्यांची नावं घेतो.

इंजिन सुरू करून कान लावला. "कोमाद्रे, याला श्वास घेता येत नाहीये. अरे भोपळ्या! नाक चोंदलंय याचं."

आणि मला ते खोकं आठवलं.

शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली होतं. माझ्या नवऱ्यानं, डेल्फिनोनं मागवलेलं. इंजिनाला हवा ओढायची नवी नळी आणि फिल्टर, चाळीस डॉलरात. "हवा जास्त, ताकद जास्त! दहा घोड्यांची ताकद वाढते, खोक्यावर लिहिलंय!" मी म्हटलं होतं, तुला घोडे कशाला, तुला एका बायकोपुढे बोलता येत नाही. खोकं आलं मंगळवारी. तो गेला गुरुवारी. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. चौदा महिने ते खोकं कोणी उघडलं नव्हतं.

आज मी उघडलं. चकचकीत वाकडी नळी. लाल शंकूसारखा फिल्टर — लहान मुलाच्या वाढदिवसाच्या टोपीएवढा. नळी आवळायला चार पट्ट्या हव्यात, तीन आहेत.

७ एप्रिल

सोबतचा कागद वाचला. एकूण सहा पायऱ्या. तिसरी — जुने काढा. चौथी — नवे लावा. पाचवी — अभिनंदन. सहाव्या पायरीत चित्र आहे, ते दुसऱ्याच गाडीचं. खाली लिहिलंय, 'हवा आता आनंदाने जाईल.'

मी आठवीत शाळा सोडून मिरच्या तोडायला गेले, पण याहून बरं लिहीन.

९ एप्रिल

गाडीच्या खणात डेल्फिनोचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक सापडलं. पहिल्या पानापासून वाचतेय. पात्रं फार आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी काम आहे, हे आवडलं. कित्येक कादंबऱ्यांत तसं नसतं. ऐंशीव्या पानावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. त्यावर हात ठेवला नाही. पुसला जाईल.

पुस्तकावरून आठवलं. रोज जेवण झालं की मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. बावीस वर्षं. शेवटचं पुस्तक बोटीचं होतं, उत्तरेकडच्या बर्फात अडकलेल्या. एकशे बाराव्या पानाशी आलो आणि त्याचं कानाचं यंत्र हरवलं. "पिकअपच्या फेंडरवर काढून ठेवलं होतं. रानउंदरानं नेलं," म्हणाला. "नेलं आणि बदल्यात हे ठेवून गेला!" — आणि मला निवडुंगाचा एक वाळका तुकडा दाखवला. पुरावा म्हणून!

रानउंदीर चकचकीत वस्तू नेतात आणि बदल्यात काहीतरी ठेवतात, असं इथे सगळेच म्हणतात. मी चाळीस वर्षांत एकही दुकानदार उंदीर पाहिलेला नाही. त्याआधी हेच यंत्र त्याच्या खिशात सापडलं होतं, बिछान्यात सापडलं होतं, एकदा बटाट्यांत. मी वाचायला बसले की त्याला जांभया यायच्या, हेही मला दिसत होतंच. म्हटलं, सरळ सांग ना, कंटाळा आलाय म्हणून.

पुस्तक मिटलं. नंतर तीन महिने तो होता. मी माझं मनात वाचलं.

आणि तो रोज अंधार पडायच्या आत पिकअपचं बॉनेट उघडं करून ठेवायचा. उंदरांना उघड्यावर राहवत नाही म्हणे. इथे पुष्कळजण ठेवतात. पण मला वाटायचं, स्वतःची थाप टिकवायला चाललंय हे नाटक. तो गेला त्या दिवशी मी बॉनेट खाली केलं. माणसं येणार होती, बरं दिसत नव्हतं.

निवडुंगाचा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून आहे. फेकायचा राहून गेलाय.

११ एप्रिल, गुरुवार

कामाला सुरुवात! आधी बॅटरीची वायर सोडायची, असं पुस्तक सांगतं. सोडली. मग लक्षात आलं — रेडिओवरची त्याची स्टेशनं पुसली गेली. पाचही. घड्याळ शून्यावर. तो ते कधी नीट लावायचाच नाही, हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हाही याचं पुढेच असायचं. आता बरोबर लावता येईल. लावलं नाही.

मग फिल्टरचा जुना डबा. बोल्ट गंजलेले. पोल्डो वाकलेला, मी विजेरी धरलेली.

"मुळ्या! अरे सडक्या मुळ्या! वांग्याच्या पोटच्या!"

"पोल्डो, फादरना हे चालेल?"

"कोमाद्रे, भाजीला पाप नसतं."

डबा आख्खा निघाला. झाकणाच्या कड्या गंजून चिकटल्यात, उघडत नाहीत. आणि केवढा जड! मी म्हटलं, हवेच्या डब्यात एवढं वजन कसलं?

"जुन्या काळचं प्लास्टिक, कोमाद्रे! तेव्हा माल चांगला असायचा."

मागच्या ओसरीवर नेऊन ठेवला. वासही येतोय. तोही बहुतेक जुन्या काळचा.

१२ एप्रिल

नळी बसवली. हवा मोजणारा छोटा सेन्सर जुन्या डब्यावरून काढून नव्या नळीत लावला. चौथ्या पट्टीऐवजी पोल्डोच्या घरच्या पाण्याच्या पाइपची पट्टी. चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं, तीनदा खोकलं, मेलं. पुन्हा केलं. खोकलं, मेलं. समोर पिवळा दिवा लागला.

पोल्डोनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. मग हळूच म्हणाला, "कोबी."

एवढं हताश मी त्याला खाण बंद झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

१४ एप्रिल, पाम संडे

चर्चमध्ये आशीर्वादाची झावळी मिळाली. आणून बॉनेटखाली खोचली. फरक नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

काल योलांडाचा फोन. तिनं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय. पडदे घेतलेत. "निळे घेतले, आई. तुला आवडतात ना?" आवडतात. तेच तर वाईट. तिला राग नाही, काळजी आहे. रागाशी भांडता येतं.

झोप येईना म्हणून पहाटे उठून पुस्तक घेतलं. पान चौऱ्याऐंशी — सेन्सरवर बाण असतो, बाणाचं तोंड इंजिनाकडे हवं! धावत बाहेर गेले, गाऊनवरच. आमचा बाण बघतोय मेक्सिकोकडे.

पोल्डोला हाक मारली.

"मी पाहिला होता तो बाण," म्हणे. "मला वाटलं, कारखाना कुठे आहे ते दाखवतोय."

"अहो पोल्डो, तुम्ही तीस वर्षं खाणीत काय केलंत?"

"खाणीत बाण नसायचे, कोमाद्रे. तिथे सगळं खालीच."

सेन्सर उलटा करून बसवला. चावी फिरवली.

काय आवाज! नाक मोकळं झालेला बैल! पोल्डोच्या कोंबड्या छपरावर चढल्या. आम्ही दोघं म्हातारे अंगणात टाळ्या वाजवत उभे, मी गाऊनमध्ये, तो एका चपलेवर.

१८ एप्रिल

नळी खडखडते. आधाराचं भोक आणि गाडीचं भोक यांची भेटच होत नाही. बांधायला काहीतरी मजबूत हवं होतं. कपाटातून डेल्फिनोचा कातडी पट्टा काढला. बराच वेळ हातात धरून बसले. मग कापला. पोटच राहिलं नाही तर पट्ट्याचं काय करायचं?

घट्ट बसली. पट्ट्याच्या चौथ्या भोकाला. त्याचंही चौथंच होतं.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

उपास. कापिरोताडा केला, पाव-गुळाचा. मनुका जास्त पडल्या. लक्ष खिंडीत होतं. उद्या.

२० एप्रिल, शनिवार

सगळं लिहिते, म्हणजे उद्या मला खोटं वाटायला नको.

योलांडा दोनला आली. मिठी मारली, घर पाहिलं, मला पाहिलं, म्हणाली, "बारीक झालीस." मग माझ्या शेजारी बसली. पोल्डो मागे उघड्यावर, टोपी धरून. ये म्हटलं नव्हतं त्याला.

चावी फिरवली. योलांडा ओरडली, "आई! हे काय आहे?"

"तुझ्या बापाचे दहा घोडे."

खिंडीखाली आलो. दुसरा गिअर. मी श्वास धरलेला, गाडीनं मात्र नाही. पहिलं वळण गेलं. मेंढ्यांची जागा गेली. मी तिसरा टाकला — तिसरा! खिंडीत! मागून पोल्डो काचेवर थापा मारून ओरडतोय, "गाजर! गाजर!" ते आनंदाचं असावं.

माथ्यावर थांबवली. मुद्दाम, माझ्या मर्जीनं. खाली शहर दिसत होतं.

योलांडानं बॉनेटकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबांनी मागवलेली नळी?"

"हो."

"आणि तू बसवलीस?"

"हो."

तिनं डोळे पुसले. "पडदे परत करते," म्हणाली. मग, "आवाज तेवढा कमी कर गं."

नाही करणार.

२१ एप्रिल, ईस्टर

पोल्डोचं व्रत सुटलं. चर्चच्या पायऱ्या उतरला, टोपी घातली आणि सेहेचाळीस दिवसांचं साठलेलं एका दमात बाहेर काढलं. फादर दारातच होते. त्यांनी घड्याळात बघितलं आणि आत गेले.

२३ एप्रिल, मंगळवार

योलांडा काल गेली. आज जुना डबा कचऱ्यात टाकायला काढला. हातातून निसटला, पायरीवर आपटला, झाकण उडालं.

आत रानउंदराचं घर. काठोकाठ! फिल्टर कुरतडून त्यावर झाडांच्या साली, निवडुंगाचे काटे, पिस्त्यांची टरफलं, चांदीचा कागद, माझं शिवताना बोटाला घालायचं टोपण. एवढ्यातून कुठलं इंजिन श्वास घेईल? नळीची गरजच नव्हती. झाकण उघडून झटकलं असतं तरी पिकअप खिंड चढला असता.

पोल्डोला दाखवलं. आता शिव्या द्यायची मोकळीक आहे. दिली नाही. कारण अगदी तळाशी, सालींच्या मऊ वाटीत, कानाचं यंत्र होतं.

नळीच्या बाबतीत तू चुकलास, डेल्फिनो. उंदराच्या बाबतीत खरं बोललास.

बॉनेट उघडं करून ठेवलंय. निवडुंगाचा तुकडा खिडकीत होता तिथेच राहील. पान एकशे बारापासून वाचायला घेतलंय — मोठ्यानं. बोट अजून बर्फातच आहे.