प्रुइटबाई हव्यात की नकोत

सॅल्टर्स बेंड,
१४ मे २०२४

ती. ऑगस्टाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता तोड मध्येच!

आम्ही सगळे ठीक. हॉलिसची दोन तळी उपसून झाली, कॅटफिश मासे यंदा चांगले भरलेत. नवऱ्याच्या अंगाचा वास मात्र कुठल्याही साबणाला दाद देत नाही.

एमलीन ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत जाणार, हे तुला ठाऊक आहेच. तिला सोरॉरिटीत जायचंय, तुझ्यासारखं निवडक पोरींच्या त्या मंडळात, त्यांच्याच घरात राहायचंय. मी तिच्या कानात काही भरवलेलं नाही, तिचं तिलाच वाटतंय. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तो निवडीचा आठवडा म्हणजे लग्नाच्या मुलीला एकाच दिवशी बारा घरी दाखवून आणण्यासारखं. मॉन्टगोमेरीत एक प्रुइटबाई आहेत, त्या पोरींना या निवडीसाठी तयार करतात. चालणं, हसणं, बोलणं, सगळं शिकवतात. फी चार हजार डॉलर. हॉलिस म्हणाला, एवढ्यात तळ्याला नवा पंप येईल. मी म्हटलं, पंपाला कुणी दारातून परत पाठवत नाही.

ताई, तुला वेगळं काय सांगू? एक्याण्णव साली मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या त्या सोरॉरिटीच्या घरात तू आत होतीस नि मी दारात. सख्खी बहीण घरात असताना मला तिसऱ्याच दिवशी नारळ मिळाला. माझं काय चुकलं, ते आजवर कळलं नाही. पोरीच्या वाट्याला ते यायला नको. पण कार्टी माझं ऐकेल तर शपथ. तुझं ऐकते, तू समजाव.

लोभ आहेच, या उन्हात तो आटू देऊ नकोस.

तुझी लाडकी (आणि एकुलती) बहीण,
डेल्फिन


सॅल्टर्स बेंड,
२० मे

ती. मावशीस,
एमलीनचा सा. न. वि. वि.

प्रुइटबाईंनी हाताने पत्रं लिहायचा सराव करायला सांगितलाय. तो तुझ्यावर करते आहे, गोड मानून घे.

आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली होती. पहिली भेट फुकट असते. पाच विषय वर्ज्य आहेत म्हणे: मुलगे, दारू, देव, पैसा आणि निवडणूक. मी विचारलं, मग बोलायला उरलं काय? त्या म्हणाल्या, कुत्री. पाण्याचा पेला डाव्या हातात धरायचा, म्हणजे हात मिळवताना उजवा गार लागत नाही. हे मात्र मला पटलं, एवढं मी ठेवून घेतलंय.

मग त्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, कॅटफिशची तळी आहेत. बाई अशा हसल्या की जणू मी शिंकलेच त्यांच्या अंगावर. म्हणाल्या, शेतीउद्योगात आहेत असं सांगायचं, आणि तीन उन्हाळे मासे सोलायच्या टेबलावर काम केलंस ते तर अजिबात काढायचं नाही. मी मिनिटाला चार मासे सोलते गं मावशी! ते नाही सांगायचं तर माझ्याबद्दल सांगू तरी काय?

खरं लागलं ते वेगळंच. आई शेजारीच बसली होती. बाबांचं नाव असं झाकलं जात होतं आणि ती सगळं वहीत उतरवून घेत होती.

मला सोरॉरिटी हवी आहे, खोटं कशाला बोलू. मला त्या घरांतली गडबड आवडते, चार वर्षांसाठी सख्ख्यासारख्या मैत्रिणी हव्या आहेत. पण प्रुइटबाई नकोत. तू त्या घरात चार वर्षं राहिलीस, तुला कुणी शिकवायला गेलं नव्हतं. आईला एवढंच लिही की गरज नाही. आणि जुनी सभासद म्हणून माझं शिफारसपत्र तूच लिहायचंस, त्यात मी जशी आहे तशी लिही.

तुझ्या बागेतल्या टोमॅटोंना माझा नमस्कार.

तुझी,
एमलीन


मोबील,
२७ मे

चि. एमलीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. हट्ट सोड. प्रुइटबाईंकडे जा आणि त्या सांगतील तसं कर. अर्धी फी मी पाठवते, बाबांना पंप घेऊ दे.

मी त्या घरात होते, म्हणूनच सांगते. दारात सगळ्या गोड हसतात, पण नावं रात्री बंद खोलीत खोडली जातात, आणि कशावरून खोडली जातात ते ऐकलंस तर तुझ्या पायाखालची जमीन सरकेल. माशांचं नाव काढू नकोस. थोडं झाकलं तर आभाळ कोसळत नाही. शिफारसपत्र लिहीन, पण बाई म्हणतील तसं.

मोठ्यांचं कधीतरी ऐकावं गं.

तुझी मावशी,
ऑगस्टा


सॅल्टर्स बेंड,
२ जून

मावशी,
आज नुसते हात जोडते, डोकं टेकवत नाही.

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आईचं मी समजू शकते, तिला दारातून परत पाठवलं होतं. तुला तर घेतलं होतं! घेतलेल्या माणसाला एवढी भीती कसली?

आजीने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. अख्ख्या काउंटीत तिच्या बिस्किटांना तोड नव्हती. तू त्या घरात आजीबद्दल काय सांगायचीस? उपहासाने विचारत नाही, मला खरंच कळायला हवंय. कारण तू बाबांबद्दल जे मला करायला सांगतेस, ते तू स्वतः केलं असणार असं मला वाटायला लागलंय.

मी प्रुइटबाईंकडे जाणार नाही. नाकारायचं असेल तर मलाच नाकारा म्हणावं. निदान कोणाला नाकारलं ते तरी त्यांना ठाऊक असेल.

रागावली असलीस तरी उत्तर दे.

एमलीन


मोबील,
११ जून

चि. डेल्फिनला,
ताईचे आशीर्वाद, तुला नको झाले तर परत कर.

तुझ्या लेकीने मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर आधी तुला मिळायला हवं. पाणी डोक्यावरून गेलंय.

आपली आई शाळेत शिकवते, असं मी त्या घरात सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात तोंडून गेलं आणि मग तीन वर्षं मी तेच जपत बसले. एक्याण्णवला तू आलीस आणि पहिल्याच चहाला आनंदाने सांगून बसलीस की आमची आई शाळेत स्वयंपाक करते, तिच्या हातची बिस्किटं एकदा खाच.

तिसऱ्या रात्री तुझं नाव निघालं. आमच्या घरची रीत अशी, की सख्ख्या बहिणीचं नाव आलं की आतलीने उभं राहायचं आणि तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं. एकच. काहीही बोललं तरी मुलगी पुढे जाते. बोललीच नाही, तर घरच्यांनाच ती नको आहे असं धरतात. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उभी राहिले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुझी आई शिकवते की रांधते? मी मांडीवरच्या रुमालाकडे बघत बसून राहिले, डेल्फिन. मी उठले नाही.

तुझं काहीही चुकलं नव्हतं. एमलीनने शिकवणी घ्यावी म्हणून मी धडपडले, ते तिच्या भल्यासाठी, असं स्वतःला सांगत होते. खरं तर मला पुन्हा ते सगळं बघायचं नव्हतं. लाज वाटते. पूर्वीही वाटत होती, पण आईची वाटायची. आता माझी वाटते.

काय लिहून संपवू? तूच ठरव मी तुझी कोण ते.

ऑगस्टा


सॅल्टर्स बेंड,
३० जून

ऑगस्टास,
नमस्कार घालायला आज हात वळत नाही. वि. वि.

तेहेतीस वर्षं मी आरशात बघून शोधत होते की माझं काय वाईट दिसलं असेल. केस, दात, बोलणं. आईने शिवलेला फ्रॉक मी पुन्हा कधी अंगाला लावला नाही, बिचारी विचारायची आणि मी टाळायचे. आणि तू? दर ख्रिसमसला माझ्या टेबलावर बसून जेवत होतीस, वर पाय पुसून आत ये म्हणून हॉलिसला सांगत होतीस! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुझं पत्र चुलीत घालायला निघाले होते, हॉलिसने हातातून काढून घेतलं.

पण वाचता वाचता मला माझी ती वही आठवली. माझ्याच नवऱ्याला कसं लपवायचं, ते मी सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते. आणि माझी पोर माझ्याकडे बघत होती. प्रुइटबाईंना त्याच दिवशी कळवलं, आम्हाला तुमची गरज नाही. तुझा अर्ध्या फीचा चेक सोबत परत.

माफीबिफीचं आत्ता विचारू नकोस. एक काम मात्र तुला करायचंय. एमलीनचं शिफारसपत्र लिही. त्यात तिचे बाबा काय करतात ते लिही, ती काय काम करते ते लिही, आणि तुझी आई काय करत होती तेही तुझ्या सहीनिशी लिही. मॅग्नोलिया स्ट्रीटवर कुणीतरी ते मोठ्याने वाचू दे. घेतलं तर घेतलं, नाही तर गेले उडत!

लोभ अजून आहे की नाही, ते बघून कळवते.

डेल्फिन


मुलींचं वसतिगृह, खोली ३१२,
१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
एमलीनचा शि. सा. न. वि. वि. आज डोकंही टेकवलंय.

आठवडा संपला. ऊन असं की पोरी पिशवीत बॅटरीचा पंखा नि जास्तीचे जोडे घेऊन फिरत होत्या आणि दारात पोचेपर्यंत घामाने निथळत होत्या. मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या तुमच्या घरी मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. दोघी हसल्या. तिसरी, बहुधा मुख्य असावी, म्हणाली की तुझ्या मावशीचं पत्र आम्ही वाचलं, असं पत्र या घरात आधी कधी आलं नव्हतं. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा बोलावणाऱ्या घरांच्या यादीत तुमचं घर नव्हतं. होय, तिसऱ्याच दिवशी. न्हाणीघरात जाऊन अर्धा तास रडले, उगाच वाघीण असल्याचा आव कशाला आणू. आईला फोन केला. ती म्हणाली, तोंड धू, आणि पुढच्या घरी उशीर करू नकोस.

गेले. कोपऱ्यावरचं विटांचं घर आहे ना, तुमच्या वेळी ज्याला तुम्ही सगळ्या नाकं मुरडायच्या, तिथे. तिथल्या एकीने मला बाबांच्या तळ्यांबद्दल इतकं विचारलं की दुसरीला येऊन तिला उठवावं लागलं. तिचे आजोबा कोळंबी धरायला जायचे. काल मैदानावर शेवटच्या निवडीचा लिफाफा फोडला, त्यात त्याच विटांच्या घराचं नाव होतं. मी इतकी जोरात पळाले की एक जोडा मैदानातच राहिला.

आई कुंपणापाशी उभी होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला, बाबा तर सगळ्यांसमोर रडले. तू नव्हतीस. मी आईला विचारलं, मावशीला का बोलावलं नाहीस. ती म्हणाली, अजून नाही. मावशी, ती ‘अजून’ म्हणाली आहे, तेवढं धरून ठेव.

रात्री आम्हा नव्यांना घराच्या रीती सांगितल्या. इथेही तशीच बंद खोली आहे, तशीच नावं वाचतात, तशीच खोडतात. फक्त इथे सख्ख्या बहिणीचीच अट नाही, ज्या मुलीला वाटेल तिने उभं राहून बोलावं. पण सहसा कुणी उठत नाही म्हणे, उगाच वाईटपणा कोण घेणार. माझ्या शेजारच्या मुलीने हळूच विचारलं की तू उठशील का.

पुढच्या ऑगस्टला त्या खोलीत एक खुर्ची माझी असेल, आणि ज्या पोरीसाठी कुणीही उठणार नाही, तिच्यासाठी मी उठणार आहे.

माझ्यावर माया ठेव, आणि आईकडून तुझ्यावरची मी परत आणते.

तुझीच,
एमलीन