दोन बोटांचं निदान

प्रिय ताई,

समोर बसून बोलायला गेलो तर तू मला बोलूच देणार नाहीस. 'जाऊ दे रे' म्हणशील आणि चहा टाकायला उठशील. म्हणून लिहितोय. पाकिटात घडी घातलेला आणखी एक कागद आहे, तो हे सगळं वाचून झाल्यावर उघड. त्यात वाईट काही नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू पहिला तोच उघडशील. शाळेत माझं प्रगतिपुस्तकसुद्धा माझ्याआधी तूच हिसकावून वाचायचीस.

मला 'डॉक्टर' म्हणायला घरात तूच सुरुवात केलीस. चेष्टेत म्हणालीस, पण मला ते आवडलं. आता कबूल करायला काय हरकत आहे, फारच आवडलं. मी खरा कोण? काप काढणारा माणूस. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्या ठोकळ्याचे केसाहून बारीक काप मशीनवर काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि आमच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. गाठ साधी की कॅन्सरची, हे मॅडम मायक्रोस्कोपमधून बघून ठरवतात. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी तिथे एकदाही निदान केलेलं नाही. घरी मात्र माझा दवाखाना जोरात! आईच्या मानेवरची गाठ, भाऊजींच्या पाठीवरची, शेजारच्या काकूंच्या मनगटावरची. दोन बोटांनी दाबायचं, भुवया उंचावायच्या आणि म्हणायचं, काही नाही, साधी आहे. तिन्ही वेळा तसंच निघालं आणि साहेब चढले हरभऱ्याच्या झाडावर.

त्या रविवारी तू मला तुझ्या दुकानातल्या पडद्यामागे बोलावलंस. गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात ती जागा. तुझ्या गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून तू म्हणालीस, काखेजवळ, छातीच्या कडेला काहीतरी लागतंय, बघ जरा. ताई, मी लाजलो. पन्नाशीची बहीण आणि पंचेचाळिशीचा भाऊ, तरी लाजलो. बाहेर एक बाई उसवलेली बाही घेऊन उभी होती. मी कपड्यावरूनच दोन बोटं टेकवली न टेकवली, नजर आरशाकडे, आणि विचारलं, दुखतं का? तू नाही म्हणालीस. मग काही नाही, चरबीची गाठ आहे, असं मी ठोकून दिलं. तुझा जीव भांड्यात पडला, हे मला आरशात दिसलं. तू हसून माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्यास. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

हे एखाद्या अडाण्याने केलं असतं तर समजण्यासारखं होतं. मला माहीत होतं गं! साधी गाठ जिथे असते तिथेच वाढते, तिला कड असते. अस्तरात अडकलेलं बटण कसं चिमटीत धरलं की सरकतं आणि कापड उसवलं की अख्खं हातात येतं, तशी. कॅन्सरच्या गाठीची कड फुटलेली असते. ती शेजारच्या धाग्याधाग्यांत घुसते, तिथून काखेत जाते, पुढेही जाते. रोज काचेवर बघतोय मी हे. आणि बोटांना यातलं काहीही खात्रीने कळत नाही, हेही रोज बघतोय. 'मऊ, सरकणारी' असं चिठ्ठीवर लिहून आलेले तुकडे काचेवर भलतेच निघालेले मी पाहिलेत. 'दुखत नाही म्हणून थांबले' म्हणणाऱ्या बायकांचे तर किती ठोकळे कापले असतील, मोजदाद नाही. घरात हे एकट्या मला ठाऊक, आणि मीच तुला विचारतो, दुखतं का!

चार महिन्यांनी तुझा फोन आला, वाढल्यासारखी वाटते म्हणून. मी घाईत होतो का? नव्हतो. जेवून लोळत पडलो होतो. सारखा हात लावत बसू नकोस, त्यानेच तसं वाटतं, असं तुलाच दटावलं. वर म्हणालो, डॉक्टर कोण, तू की मी? तू हसलीस. ते हसणं आता कानातून जात नाही.

पुढचं तुला माहीत आहे, एक गोष्ट सोडून. तपासणीसाठी सुईने काढलेला तुझा तुकडा आला तेव्हा तो माझ्याच टेबलावर आला. घरच्या माणसाचं काम दुसऱ्याला द्यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी दिलं नाही. इतका सुरेख काप मी आयुष्यात काढला नसेल, एक सुरकुती नाही. मॅडम यायच्या आधी चोरून मायक्रोस्कोपखाली धरला. कड शोधत राहिलो, ताई. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. कड नव्हती.

आणि तरीही त्या सर्जनच्या खोलीत मी काय केलं? त्यांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे. तू म्हणालीस, अकरा महिने झाले, कामाची गर्दी होती, माझंच दुर्लक्ष झालं. भाऊजी आणि आई शेजारीच बसले होते. तू मला वाचवत होतीस. मी गप्प बसलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. पण मी, सगळ्यांदेखत, आवाज चढवून तुला म्हणालो, इतके महिने अंगावर काढायचं असतं का? घरात माणूस असताना सांगायला नको? तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग पर्समध्ये चष्मा शोधायला लागलीस. चष्मा तुझ्या डोळ्यांवरच होता. सर्जनने कागदावर लिहिलं ते मला उलट्या बाजूनेही वाचता आलं: 'रुग्णाचं अकरा महिने दुर्लक्ष.' मला लाज वाटते, ताई. गाठ ओळखता आली नाही याची वाटतेच, पण त्या एका वाक्याची इतकी वाटते की दाढी करताना आरशात बघवत नाही.

अकरा महिन्यांत नेमकं किती बिघडलं, कोणी सांगू शकणार नाही, असं मॅडम म्हणतात. कॅन्सर काखेतल्या एकाच गाठीपर्यंत पोचला आहे, परवाचं ऑपरेशन आणि नंतरची औषधं यांनी बरं होण्यासारखं आहे, असंही म्हणतात. मी या दोन वाक्यांच्या आड लपू शकलो असतो. खरं सांगतो, लपणारच होतो. तू तर झाकलंच होतंस.

पण सोमवारी तुझी लेक माझ्याकडे आली. थेट कामावर, जेवणाच्या सुट्टीत. म्हणाली, मामा, मलाही इथे काहीतरी लागतंय, आईला आता कुठे घाबरवू, तू हाताने ओळखतोस ना, तेवढं बघ. तिने माझा हात धरला गं. तू खोटं बोललीस म्हणून तिच्या लेखी मी अजून डॉक्टरच होतो. मी हात सोडवून दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तिथेच, कॅन्टीनच्या बाकावर, तिला पडद्यामागची गोष्ट सांगितली. फोनची सांगितली. सर्जनच्या खोलीतली सांगितली. तिने ताट बाजूला सारलं. मग तिला मॅडमकडे घेऊन गेलो. तपासणी झाली, सुईने तुकडा काढला. काप मी काढले नाहीत, दुसऱ्याने काढले. मी जिन्यात बसून होतो. काल तिने एकच सांगितलं: आईला तूच सांगायचंस, आणि तोंडी नको, तोंडी तू गोलमाल करशील, लिहून दे. तुझीच लेक शोभते. आपल्या आईला आणि भाऊजींना काल संध्याकाळी सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून निजली. भाऊजी म्हणाले, हॉस्पिटलात रात्री थांबायला तू येऊ नकोस. बरोबरच आहे त्यांचं. उद्या भरती होताना पुन्हा विचारतील, तेव्हा खरं सांग. तुझ्या नावापुढे माझी चूक लिहिलेली आहे, ती खोडून घे. आता तो दुसरा कागद उघड. तुझ्या लेकीचा रिपोर्ट आहे. गाठ साधी आहे, ताई, कड शाबूत आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. खाली मॅडमची सही आहे, स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

तुझाच,
बारक्या
(डॉक्टर नव्हे)