बारा व्होल्ट आणि लाल टिपका

धरणगाव,
आखाजीला आठ दिवस बाकी

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकटा पुतण्या हेमराज याचा वाकून नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. डोळ्यांत थेंब वेळेवर टाकत जा आणि धुळ्याच्या उन्हात चष्म्याशिवाय हिंडू नका. (खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं.)

आखाजीच्या सणाला येऊन, नव्या डोळ्यांनी आपल्या जुन्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची हिरवी रेघ बघणार म्हणालात, तेव्हापासून माझ्या अंगात आलं. मशीन मला देताना तुमची एकच ताकीद होती, "बठ्ठं उघाड, पन त्या लाल टिपकाले हात लाऊ नको." सगळं उघडलं, टिपका तेवढा सोडला. पॉवर सप्लायचे बारा व्होल्ट लावायचा स्क्रू हलू नये म्हणून त्यावर काकूंनी आपल्या नेलपॉलिशचा थेंब दिलेला. गावातली लाईट एकशेसत्तर होवो की अडीचशे, आत बारा म्हणजे बाराच. आमच्या घरात एवढी शिस्त फक्त त्या डब्यात आहे.

म्हटलं, नाना येण्याआधी एकदा मोजून ठेवावं. मीटर लावला तर साडेचौदा! ट्रान्झिस्टर बदलला, साडेचौदा. झेनर बदलला, कपॅसिटर बदलला (त्यासाठी एक चांगला चालता रेडिओ उघडला, तो शेजारच्या प्रमिलाबाईंचा, त्या रोज विचारतात), तरी साडेचौदाच. शेवटी जे करायला नको ते करून आकडा बारावर आणला, तर पडद्यावरची रेघ आखडत गेली आणि दिसेनाशीच झाली. मी डोकं धरून बसलो.

तेव्हा तुमची सूनबाई चारुलता भिंतीकडे बोट दाखवून म्हणते, "घड्याय मांगे पडे, म्हनीसन मीटरना सेल तठे टाकात, तठला मीटरमा." सणाला पाव्हणे येणार, घड्याळ बरोबर हवं ना! घड्याळाच्या उतरलेल्या सेलवर मीटर आपला वाढवून आकडे सांगत होता. कोपऱ्यात बॅटरीचं चित्रही दिसत होतं, ते मला कंपनीची खूण वाटलं. नवे सेल टाकले, पुन्हा बारा लावले, आणि रेघ आली, अगदी सरळ. तेव्हा निर्धास्त या. सांजोऱ्या होतीलच.

आपला,
हेमराज

ता. क. मशीन मुळात बिघडलंच नव्हतं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. म्हणून वेगळं लिहीत नाही.

आणखी एक ता. क. टिपका मी फोडला, नाना. काकूंच्या हातचा होता तो, मला फार वाईट वाटतंय. खपली कागदाच्या पुडीत जपून ठेवली आहे, पण ती परत बसत नाही. बाजारात लाल रंग ढीगभर आहेत, हा नाही. काकूंच्या मागे उरलेली ती बाटली अजून कपाटात असेल तर घेऊन या. सुकली असली तरी आणा, मी पातळ करून घेतो. टिपका मात्र तुम्हीच लावा. आता तुम्हाला नीट दिसतं.