चादरीचं दुसरं टोक

धाकट्या जाऊबाईस,

थोरलीचा आशीर्वाद, घ्यायचा असेल तर घे. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. सात वर्षांनी पत्र बघून कोणी गेलं की काय म्हणून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत आणि भरपूर खातात.

लिहायचं कारण आपली नात. (नात माझी, पण वाढली तुझ्या मांडीवर, म्हणून आपली.) ती परफॉर्मन्स आर्टिस्ट झाली आहे. नाटक म्हणावं तर बोलत नाही, काम म्हणावं तर संपत नाही. मागे दिवसभर चौकात चाळणीने पाणी भरत होती. मी म्हटलं, बाई, घरात बादली आहे. तर हसली नुसती.

आता शहराच्या कलाखात्यात क्युरेटरची जागा निघाली. कोणत्या चौकात कोणती कला मांडायची ते ठरवणारी बाई. (घरात कपाट कुठे ठेवायचं ते मी जन्मभर ठरवतेय, मला कोणी जागा दिली नाही.) पण आधी समितीला काम करून दाखवायचं. म्हणून हिने बसस्थानकाच्या दालनात तीन दिवस एकटीने डबल चादरीची घडी घालायची, मोडायची, परत घालायची असं ठरवलं. विषय एकटेपणा. नियम एकच, कोणी मदत करायची नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. समितीचे तिघे वह्या घेऊन उभे, आणि घडी ती काय! टोकं लोंबताहेत, मधे पोट सुटलंय. इस्पितळाच्या धुलाईघरात आपण दोघींनी एकवीस वर्षं घड्या घातल्या, माझ्याच्याने बघवेना. डबा खाली ठेवला, तिच्याभोवती बांधलेली दोरी ओलांडली आणि दुसरं टोक धरलं. "ओढ आता! झोपलीस काय?" ती कुजबुजली, "आजी, जा ना गं, सगळं मोडतंय." पण ओढलंच तिने. रक्तात आहे. एक झटका, दोन पावलं, कडक घडी. मागे वळून बघते तर रांग! तिकीटवाला, झाडूवाली, एक काळ्या कोटातला वकील, सगळ्यांना टोक धरायचं.

समितीला वाटलं, हे ठरवूनच केलं. कार्टीने खरं सांगून टाकलं की आजी आगंतुक आहे. मग चार दिवस माझ्याशी अबोला. (जेवताना मात्र दोनदा वाढून घ्यायची.) पाचव्या दिवशी कळलं, जागा मिळाली.

तेव्हापासून विचार करतेय. एकटीने घडी घातली की चादर जमिनीला लागतेच. आपल्याला ते ठाऊक होतं, पण कधी बोललो नाही. पोरगी ते लोकांना दाखवते. अगदीच रिकामटेकडी नाही.

बाकी ठीक. उत्तर लिहिलंस तर वाचीन.

थोरली

ता. क. नव्या जागेवरचं तिचं पहिलं काम मंडईत आहे. दोन म्हाताऱ्या आठवडाभर चादरींच्या घड्या घालणार. एक मी. दुसरीसाठी तिने चार नट्या आणल्या, एकीलाही चादरीचा मध्य सापडत नाही. दुसरी मिळाली नाही तर काम रद्द. तू ये. मी फार ओढते म्हणून भांडून गेलीस; तू ढिलं सोडतेस हे मी अजूनही म्हणते.

आणखी एक. मला गरज नाही, नातीसाठी लिहिलंय. घरच्या चादरींचं एक टोक मी दाराच्या कडीला अडकवते. कडी हवं तेवढं ओढू देते, तक्रार करत नाही. फक्त समोरून चालत येत नाही.