गाळलेली ओळ

मी, सहदेव बारकू केणी, धंदा मिठागरावरील मुकादमी, वय अदमासे बेचाळीस, राहणार मौजे कळवा, हे लिहून ठेवतो. माझी छाती गेली आहे, डोके शाबूत आहे. नौपाड्याचे वैद्य प्रभाकरशास्त्री दातार यांनी दोन्ही तपासून तसेच सांगितले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. हात कापतो, म्हणून मजकूर टेंभी नाक्याचे हरिहरराव गुप्ते यांच्याकडून लिहवून घेतो. वकिली शब्द त्यांचे, बाकी माझे.

कलम १. थोरले बंधू धोंडीबा व मी यांची वाटणी मागेच झाली आहे. माझ्या हिश्श्याचे अर्धे घर, त्यामागचे भाताचे खाचर आणि माझ्या आईचे दागिने, हे सर्व माझी एकुलती अज्ञान कन्या रतन, वय नऊ, हिला द्यावे. घरातले चांगले भांडे कुठले आणि गळके कुठले ते तिला ठाऊक आहे, यादी करीत नाही.

कलम २. मिठागरावरची माझी हत्यारे शेजारी गणू मढवी याने घ्यावीत. माझी पहार त्याने तीन वर्षांपूर्वी नेली ती परत केलीच नाही, तेव्हा ती आधीच दिली असे समजावे.

कलम ३. धोंडीबादादास मी काही देत नाही. त्याच्याशी भांडण बरेच शिल्लक आहे, पण ते चालवायची ताकद माझ्यात उरली नाही. आमच्या जातीत नवऱ्यामुलाकडून मुलीच्या बापाला, बाप नसल्यास वाल्याला, देज म्हणून पैसे मिळतात. मी अंथरूण धरल्यापासून दादाने रतनसाठी दोन लेकरांचा एक बिजवर पाहून ठेवला आहे. मी डोळे मिटले की चुलता या नात्याने तोच वाली होणार, आणि अक्षतृतीयेच्या आत पोरगी त्या घरी जाणार. हे मला होऊ द्यायचे नाही. एवढ्यासाठीच हा कागद आहे.

कलम ४. आता जे लिहायचे त्याला हरिहरराव ‘अनावश्यक मजकूर’ म्हणतात. तो लिहावाच.

माझी बायको गंगू आणि मी यांची सहा वर्षांपूर्वी काडीमोड झाली. तिला वेगळी चूल हवी होती, मला दादाचा शब्द मोडवत नव्हता. बाकी कोणाचे काय चुकले त्यातले अर्धे मी विसरलो आणि अर्धे मला सोयीचे नाही. पंचांनी आम्हा दोघांच्या हाती गवताची काडी दिली, ती मोडली, संसार संपला. रतन तेव्हा तीन वर्षांची होती. पोर आईकडे राहावी, असे पंचांचे मत पडले.

सोडचिठ्ठी मीच लिहिली, कारण त्या बैठकीत लिहिता-वाचता येणारा मी एकटाच. पंच म्हणाले, वाचून दाखव. मी वाचली. मधली एक ओळ गाळून वाचली. ‘मुलगी रतन मी राजीखुशीने बापाच्या स्वाधीन करते व तिजवर माझा हक्क राहिला नाही,’ ही ती ओळ. गंगूने खाली बांगडीची निशाणी काढली. पंचांनीही निशाण्या केल्या.

आठ दिवसांनी तोच कागद दाखवून मी पोर उचलून आणली. गंगू कोर्टात गेली. तिथे निशाणी कोणाची असे विचारले, तिने ‘माझी’ म्हटले, अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर ती दर शिमग्याला दारात येऊन उभी राही. मी रतनला आत कोंडी, आणि आई तुला टाकून गेली असे सांगे. मी हे केले. मला याची लाज वाटते, आणि लाज वाटून आता दमलोही आहे.

कलम ५. गंगूने पुढे कल्याणच्या काळुराम होडीवाल्याशी पाट लावला. गेल्या महिन्यात गणूला तिच्याकडे धाडले. त्याने आणलेले निरोप जसेच्या तसे असे. काळुराम म्हणाला, “घर लहान हाय, पन पोर काय मोठी नाय.” गंगू म्हणाली, “ती चालत येल का मीच न्यावला येऊ, यवढाच सांग.” मला तिने एक शिवीही धाडली नाही. धाडली असती तर बरे वाटले असते.

कलम ६. सबब ~~माझ्या मृत्यूनंतर~~ आजपासून रतनची पालक तिची आई गंगू हीच राहील. रतन पंधरा वर्षांची होईपर्यंत व तिची मर्जी असल्याखेरीज तिचे लग्न कोणी ठरवू नये. वरील सोडचिठ्ठीतील ती ओळ खोटी आहे, असे मी ती लिहिणारा या नात्याने सांगतो.

कलम ६ मधील खाडाखोडीचा खुलासा. लेख पुरा झाल्यावर हरिहररावांनी तो सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. रतन माझ्या पायाशी बसून ऐकत होती. मग म्हणाली, “बा, तू मरेपरेंत मना थांबावा लागंल का?”

हरिहररावांनी तिला दटावले. मी त्यांना पुन्हा लेखणी बुडवायला सांगितली. दोन शब्द खोडून एक घातला, ती दुरुस्ती मला मान्य आहे. भरतीला होडी सुटते, गणूला रतनला घेऊन कल्याणला निघायचे आहे, म्हणून त्याची निशाणी माझ्या सहीच्या आधी घेतली.

साक्षीदार
१. गणू बाळू मढवी, राहणार कळवा, निशाणी नांगर
२. प्रभाकर विष्णू दातार, वैद्य, राहणार नौपाडा

सही: सहदेव बारकू केणी
लिहिणार: हरिहर भिकाजी गुप्ते, ठाणे

मुक्काम कळवा, माघ शुद्ध पंचमी, शके १८११. सही करतेवेळी घरात मी, वैद्य व लिहिणार असे तिघेच होतो.