स्वयंपाकघराचं दार

प्रिय अस्नाके,

त्या सकाळी मी अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला सारत होते. रात्रभर पडला होता, पिठासारखा हलका. त्याआधी शेगडीतली राख बादलीत भरली होती, धुतलेल्या चादरी तळघरात दोरीवर टाकल्या होत्या आणि टोर्स्टेनचे लोकरीचे मोजे वेगळे काढून ठेवले होते, कारण दुपारी इस्पितळात त्याला ते द्यायचे होते. फाटकापर्यंतची अर्धी वाट मोकळी झाली आणि कोटाच्या खिशात फोन वाजला. नर्सचा आवाज मऊ होता. तिने आधी विचारलं, तुम्हाला आत्ता बोलायला जमेल का. मी जमेल म्हणाले. मग तिने सांगितलं, तुमचा नवरा पहाटे गेला. मी तिचे आभार मानले, फोन खिशात ठेवला आणि उरलेली अर्धी वाटही साफ केली. त्या वाटेने कोणी येणार नव्हतं. आमच्याकडे अशा घरी कोणी जात नाही. दुःखातल्या माणसाला त्रास देऊ नये, अशी आमची समजूत.

हे पत्र उघडलंस तेव्हा घरात एकटा असशील, तर तुझी बायको येईपर्यंत ठेवून दे. घाई नाही.

तुझी बहीण त्सिगे तेव्हा वरच्या खोलीत भाड्याने राहत होती, तिचा तो पहिलाच हिवाळा. ती यायच्या आधी तुझी किती पत्रं आली होती मला. तिने जाड कोट आणावा का, तिकडे कालवणासाठी शिरोचं पीठ मिळतं का, अंधार खरंच दुपारी पडतो का. मी लिहिलं होतं, कोट आणू नका, इथे जुना चांगला मिळतो. अंगाला लागून लोकर हवी. आणि हो, दुपारीच पडतो. तरी तुमच्या आईने कोट पाठवलाच. त्यात गुंडाळून कॉफीचे दाणे, तिखटाची पुडी आणि स्वतःची पांढरी नेतेला, ती काठाची पातळ ओढणी. त्सिगेने सामान उघडलं तेव्हा माझ्या जिन्यापर्यंत तिखटाचा वास आला, आणि टोर्स्टेन म्हणाला, या घरात प्रथमच कोणीतरी खरं राहायला आलंय.

मी तिला इथलं सगळं शिकवलं. दारात बूट काढायचे. धुण्याचं मशीन कधी वापरणार ते तळघरातल्या पाटीवर आधी लिहायचं आणि आपली वेळ संपली की जाळीतला धुरळा पुसून जायचं. बसमध्ये कोणाशेजारी बसू नये, दुसरी जागा रिकामी असेल तर. कोणाकडे जायचं तर आधी विचारायचं. बशीतला शेवटचा पाव उचलायचा नाही. ती त्याला हसायची. म्हणायची, "गुनवोर, तुमच्या देशात पावसुद्धा म्हातारपणानेच मरतो." आणि आणखी एक शिकवलं. तिच्या जिन्याची खालची पायरी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी संपते. ते दार बंद असलं म्हणजे मी वाचत असते किंवा मला एकटीला बसायचं असतं, तेव्हा ठोठावायचं नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं, जे काही शिकले ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून, रात्री, त्या बंद दारामागे. ते मला कधी चुकीचं वाटलं नव्हतं.

टोर्स्टेन गेला त्या दिवशी मात्र दार उघडं होतं. त्सिगेने वरच्या खिडकीतून मला फावडं मारताना पाहिलं होतं. ती म्हणते, माझे हात चालत होते पण डोकं हलत नव्हतं. ती खाली आली, काय झालं ते ऐकलं आणि दाराकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने विचारलं, माणसं कधी येणार. मी म्हटलं, अंत्यविधीला येतील, अजून तीनेक आठवडे आहेत. तिला वाटलं, माझी भाषा तिला कळली नाही. संध्याकाळी शेजारची बार्ब्रो आली, पायरीवर फुलं आणि सांत्वनाचं कार्ड ठेवलं आणि पावलं न वाजवता निघून गेली. त्सिगे म्हणाली, "फुलं ठेवून गेली की फुलं चोरून गेली, कळेना." मी त्या दिवसांत तेवढी एकदाच हसले. मग तिने तव्यावर दाणे भाजले, कॉफी केली आणि माझ्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. कॉलेजला गेली नाही, बोललीही फारशी नाही. मी रडले ते त्या तिसऱ्या दिवशी.

म्हणून तुझा फोन आला आणि तू तुमची आई गेल्याचं सांगितलंस, तेव्हा मी फार वाद घातला नाही. आधी घातला, ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, मला खोटं बोलता येत नाही, मुलगी वरच आहे, आत्ता हाक मारते. तू म्हणालास, "आमच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत, आणि एकट्या माणसाला तर नाहीच. पहाटे तीनचार जणांनी दारात उभं राहायचं. माणूस कोसळला तर धरायला हात हवेत." आणि परीक्षा होईपर्यंत थांबा, म्हणालास. मला ती अर्धी वाट आठवली. मी हो म्हणाले.

ते दिवस कठीण गेले. गुरुवारी मी वाटाण्याचं सूप केलं, त्सिगे माझ्यासमोर बसून जेवली. म्हणाली, भाऊ सांगतो, आई पवित्र झऱ्यावर गेलीय, पायांसाठी, तिथे फोन लागत नाही. परत आली की तुमच्यासाठी तिखट पाठवणार आहे. मी म्हटलं, मागच्या वेळचं अजून आहे. सूप मला गिळवेना, तरी बशी संपवली, नाहीतर तिने कारण विचारलं असतं.

माणसं जमवायची होती. देरेजे तुमच्याच चर्चमधला, इथे शहराची बस चालवतो, त्याने पहाटेची पाळी बदलून घेतली. तिसरी बार्ब्रो. तिला मी सगळं समजावलं. ती म्हणाली, "इतक्या सकाळी? पण तिला कळवलंय ना?" मी म्हटलं, कळवायचं नाही, तीच तर यातली गोष्ट आहे. तिने मान हलवली. ही बाई स्वतःच्या मुलाकडेही विचारल्याशिवाय जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मान हलवली, म्हणजे समजलं, असं मी धरून चालले.

त्या दिवशी तुला फोनवर सांगितलं ते खरंच आहे. आम्ही तिघं होतो, देरेजेने सांगितलं, ती ओरडली, आम्ही धरलं. तू रडलास आणि म्हणालास, "देव तुमचं भलं करो, माझी बहीण एकटी नव्हती." तेव्हापासून ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसतं. पुढचं तुला सांगू नका, असं त्सिगेने म्हटलंय, पण तुझे आभार मी असे ठेवून घेऊ शकत नाही, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही, ते तूच मला शिकवलंस. तुझ्या दाराशी पाठवायला माझ्याजवळ माणसं नाहीत, म्हणून कागद पाठवते. आम्ही जायच्या आदल्या संध्याकाळी बार्ब्रोने तिला फोनवर दोन ओळी पाठवल्या होत्या. उद्या सकाळी साडेसहाला आम्ही तिघं जरा वर आलो तर चालेल ना, उगाच तुला त्रास नको म्हणून आधी विचारते. खाली फुलाचं चित्र. बार्ब्रोने आयुष्यभर सभ्यपणा केला, तो त्या दिवशीही केला. पहाटे तीन माणसं दारात येणार याचा अर्थ काय, हे तुमच्या देशातल्या लेकरालाही कळतं. त्सिगेने उत्तर दिलं, चालेल. मग ती जिना उतरून खाली आली. दार बंद होतं, फटीतून दिवा दिसत होता, मी आत वाचत होते. सकाळी मी दार उघडलं तेव्हा ती शेवटच्या पायरीवर बसलेली होती, आईची नेतेला अंगावर, काठ वर घेऊन, तुमच्यात दुःखात घेतात तशी. मी विचारलं, ठोठावलं का नाहीस. ती म्हणाली, "दार बंद होतं." मग फाटक वाजलं आणि बाकीचे दोघे आले. दुसऱ्या दिवशी मी टोर्स्टेनचा पेचकस घेतला, स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि तळघरात भिंतीला टेकवून ठेवलं.

तुझीच,
गुनवोर